गाडीची दारं लागल्यावर

शनिवारी सकाळी दहाला पाहुणे पफिन कॉटेज सोडतात आणि दुपारी चारला नवे येतात. मधले सहा तास ऑड्री स्टॉरचे. ईस्टरपासून नोव्हेंबरच्या आतषबाजीपर्यंतचा एकही शनिवार तिने एकतीस वर्षांत दुसऱ्या कशाला दिलेला नाही. धाकट्या बहिणीचं दुसरं लग्नसुद्धा तिने शुक्रवारी करायला लावलं.

कामाचा क्रम ठरलेला. आधी चादरी, मग स्वयंपाकघर, शेवटी न्हाणीघर. टबाच्या तळाशी राहिलेली वाळू बोटावर घेतली की पाहुणे आठवडाभर कुठे हिंडले ते ऑड्रीला कळतं. पिवळी, पिठासारखी असेल तर गावचाच किनारा. करडी, जाड, बोटाला टोचणारी असेल तर हॉर्न बे. वाळू नाही पण दाराशी लाल चिखल आहे, म्हणजे रेव्हन नेसची कड्यावरची पायवाट. टब कोरडा आणि टीव्हीचा रिमोट पलंगाखाली, म्हणजे सातही दिवस पाऊस.

पफिन हा पक्षी स्टेनविक गावात अजून कोणी पाहिलेला नाही. घराचं नाव मालकीण मार्चंटबाईंनी ठेवलं. त्या लीड्सच्या, शहरातल्या होत्या.

स्वयंपाकघराच्या खिडकीत एक निळी फाइल असते. गरम पाण्याचा बंब कसा लावायचा, कचऱ्याचा कोणता डबा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा, आणि मग ऑड्रीच्या गोल अक्षरात अकरा पानं. मथळा: 'दिवसभराच्या सहली'. पहिल्याच वर्षी मार्चंटबाई म्हणाल्या होत्या, "तू इथलीच, तुला काय, सगळं ठाऊक." ऑड्रीने नाही म्हटलं नाही. तेव्हापासून दर वसंतात ती पानं नव्याने लिहून काढते, आणि फाइल तिची आहे हे गावात सगळ्यांना माहीत आहे. दुकानात कोणी परका रस्ता विचारू लागला की दुकानदार म्हणतो, "ऑड्रीला विचारा. तिने लिहिलंय."

त्या अकरा पानांतल्या एकाही ठिकाणी ऑड्री गेलेली नव्हती.

यात विशेष काही नाही. स्टेनविकचं कोणीच जात नाही. ती ठिकाणं पाहुण्यांची. ऑड्री गेल्या वर्षीपर्यंत पाच दिवस शाळेच्या स्वयंपाकघरात, शनिवारी कॉटेजवर, रविवारी चॅपल आणि मग ओव्हनसमोर. नवरा क्लिफ चौतीस वर्षं स्टेनविक ते शहर बस चालवत होता. दोरखंडांचं संग्रहालय, हॉर्न बेचा फाटा, रेव्हन नेसचा गाडीतळ, या सगळ्यांवरून तो दिवसातून सहा वेळा गेला आणि एकदाही उतरला नाही. "उतरायचं कशाला? काचेतून दिसतं की," असं त्याचं म्हणणं. निवृत्तीनंतरही त्याची सहलीची कल्पना तीच राहिली: गाडी समुद्राकडे तोंड करून लावायची, काचा वर करायच्या, अंड्याची सँडविचेस खायची, पेपर वाचायचा आणि तीनच्या आत घरी.

मग ऑड्रीने पानं लिहिली कशावरून? अभिप्रायवहीवरून. कॉटेज सोडताना प्रत्येक कुटुंब वहीत चार ओळी लिहितं. अशा सात वह्या भरल्या आहेत. कोणी लिहिलं, रेव्हन नेसला जाऊन आलो, सुंदर छोटासा फेरफटका. ऑड्रीने लिहिलं: 'खडकांवरचे सील प्राणी बघायला रेव्हन नेस, दहा मिनिटांवर.' कोणी लिहिलं, बुधवारी संग्रहालयात गेलो, इतकं शांत, आमच्याशिवाय कोणीच नाही. ऑड्रीने लिहिलं: 'संग्रहालयात बुधवारी जावं.' असं करत करत ती त्या भागातली सर्वात जाणकार बाई झाली.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ग्रोनिंगनहून पोस्टमा कुटुंब आलं. डच माणसं, उंच, चौघांच्याही सायकली. शनिवारी ऑड्रीने वही उघडली तर दोन पानं भरलेली, सरळ रेषेत, आकडे घालून.

'१. रेव्हन नेस दहा मिनिटांवर नाही. आम्ही वेगाने चालतो. आम्हाला पंचावन्न मिनिटं लागली. २. संग्रहालय बुधवारी बंद असतं. ३. हॉर्न बे येथे मुलांची पाण्यात खेळायची गादी उडून गेली. ती परत आली नाही. ४. तिथल्या चहाच्या दुकानातला मनुकांचा पाव खाता येत नाही.' असे नऊ मुद्दे. शेवटी: 'ही माहिती लिहिणारी व्यक्ती या ठिकाणी कधीही गेलेली नाही. घर अतिशय स्वच्छ आहे.'

ऑड्री पलंगाच्या कडेवर बसली. एकतीस वर्षांत ती कामाच्या वेळेत बसली नव्हती.

संध्याकाळी लीड्सहून फिलिपाचा फोन आला. फिलिपा म्हणजे मार्चंटबाईंची मुलगी. आई गेल्यापासून घर तिचं. ऑड्री तिला सात वर्षांची असल्यापासून ओळखते आणि अजून पिप म्हणते.

"ऑड्री, पोस्टमांनी त्या पानांचा फोटो पाठवलाय मला."

"वाचलं मी. घर स्वच्छ आहे म्हणतायत."

"एकच विचारते. तुम्ही रेव्हन नेसला गेलायत ना?"

"माझा जन्म इथला आहे, पिप."

"हे उत्तर नाही झालं."

मग फिलिपाने अगदी गोड आवाजात आपला बेत सांगितला. एक कंपनी छापील माहितीपत्रकं पुरवते, सोबत पारदर्शक स्टँडही देते. ऑक्टोबरच्या शाळेच्या सुट्टीत ती मुलांना घेऊन आठवडाभर येणार होती, तेव्हा स्टँड घेऊन येईल. फाइलमध्ये बंब आणि कचऱ्याची पानं राहू देत. "तुमच्यावर उगाच भार कशाला?"

"भार नाही. मी एकदा नजर टाकते पानांवर. तू येईपर्यंत थांब."

"थांबते. पण ऑड्री, या वेळी खरं लिहा."

घरी क्लिफने सगळं ऐकून घेतलं आणि पेपर खाली न करता म्हणाला, "म्हणजे उतरावं लागणार."

"उतरावं लागणार."

"कुठे कुठे?"

"अकरा ठिकाणी. निदान त्या डच लोकांनी ओरड केलीय तिथे तरी."

क्लिफची मोठी बहीण एडना दोन घरं सोडून राहते. वय चौऱ्याऐंशी. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण बुधवारी सकाळी ती कोट-टोपीसकट गाडीच्या पुढच्या सीटवर बसलेली होती. पुढची सीट तिचीच असते, तिचं कमरेचं हाड तसं सांगतं. ऑड्री मागे, थर्मास आणि घडीच्या खुर्च्यांबरोबर.

"तुम्हाला कोणी सांगितलं, एडना?"

"मला सांगावं लागत नाही. तुम्ही दोघं सहलीला निघालायत म्हटल्यावर मला वाटलं कोणीतरी मरणार आहे."

इकडची, यॉर्कशरची माणसं स्वतःला स्पष्टवक्ती समजतात आणि एडना तर त्यांतली मुकुटमणी.

बुधवार ऑड्रीने मुद्दामच निवडला होता, पडताळून बघायला. संग्रहालयाचं दार बंद होतं. दारावर पाटी होती: बुधवारी बंद. पाटीचा रंग इतका उडालेला होता की ती वीस-पंचवीस वर्षांची असणार. ऑड्रीने तरीही कडी हलवून पाहिली.

"शांत आहे खरं," एडना म्हणाली.

बाजूच्या खिडकीशी एक जोडपं काचेला नाक लावून उभं होतं. डर्बीहून आलो, त्यांनी सांगितलं. आत एक दोरखंड दिसत होता.

"छान आहे ना?" डर्बीची बाई म्हणाली.

"फारच छान," ऑड्री म्हणाली.

"आणि किती निवांत!"

"अगदी निवांत," एडनानेही मान डोलावली.

सगळे हसतमुखाने आपापल्या गाडीकडे गेले. गाडीची दारं लागली आणि एडना कडाडली, "बारा मैल! बारा मैल मी ते दार बघायला आले! माझ्या घरालाही दार आहे!" क्लिफ म्हणाला की ते दार बंद असतं हे त्याला बस चालवत असल्यापासून माहीत होतं. "मग बोलला का नाहीस?" "कोणी विचारलं?"

ऑड्रीचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ती पलीकडच्या गाडीकडे बघत होती. काचेआड डर्बीची बाई हातवारे करत होती, तोंड एकसारखं चाललं होतं, आणि नवरा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होता. एक शब्द ऐकू येत नव्हता. ऐकायची गरजही नव्हती.

त्या संध्याकाळी ऑड्रीने कॉटेजच्या सातही वह्या घरी आणल्या आणि चष्मा पुसून वाचायला बसली. तीच अक्षरं, तीच नावं. 'हॉर्न बेची हवा तरतरी आणणारी!' म्हणजे उभं राहता आलं नाही. 'चहाच्या दुकानाला स्वतःचं असं एक व्यक्तिमत्त्व आहे.' 'मुलांना हा दिवस कायम लक्षात राहील.' 'भरपूर चालणं झालं, भूक छान लागली.' एका कुटुंबाने नुसतं लिहिलं होतं, 'वेगळाच अनुभव.' त्या शनिवारी कचऱ्याच्या डब्यात मोडकी छत्री, एकच बूट आणि रिकामी जिनची बाटली होती, हे ऑड्रीला लख्ख आठवलं. वाळूवरून ठिकाण ओळखणाऱ्या बाईला शब्द मात्र वाचता आले नव्हते.

"एकतीस वर्षं लोक माझ्याशी गोड बोलत होते," ती क्लिफला म्हणाली.

"तुझ्याशी नाही. वहीशी."

रेव्हन नेसला पुढच्या आठवड्यात गेले. एडना गाडीत राहिली, थर्मास घेऊन, काचा वर करून. ऑड्री आणि क्लिफ निघाले. दहा मिनिटांनी पहिलं फाटक आलं, तेही इतक्या चढावर की क्लिफने त्याला मिठी मारली. समोरून येणारे लोक भेटत होते, आणि प्रत्येक जण सांगत होता, "आलंच आता!"

"हे तिसरं 'आलंच आता'," क्लिफ म्हणाला. "मोजतोय मी."

"दम खा जरा."

"दहा मिनिटं लिहिलंस तू. बाई, दहा मिनिटांत मी आख्खी बस धुवायचो."

सव्वा तासाने ते टोकाशी पोहोचले. खाली खडक, फेसाळ पाणी, आणखी खडक. सील नाही. ऑड्रीने वर्षानुवर्षं लिहिलं होतं, 'सील दिसतातच.' ती काठावर उभी राहून एकेक खडक बघू लागली.

"तो बघ," ती म्हणाली.

"तो दगड आहे."

"त्याला मिशा आहेत."

"शेवाळ आहे ते."

वाद बराच वेळ चालला. मग दगडाने जांभई दिली. गुलाबी तोंड सावकाश उघडलं, मिटलं, आणि तो प्राणी पोट खाजवत कुशीवर वळला. त्याच्या शेजारचा दगडही वळला. मग लक्षात आलं की खालचे निम्मे दगड सीलच आहेत.

क्लिफ म्हणाला, "एवढ्यासाठी?" पण वीस मिनिटं तो तिथून हलला नाही, आणि परत निघताना त्याने दोनदा मागे वळून पाहिलं. वाटेत एक तरुण कुटुंब वर येताना भेटलं. बाप घामाघूम, मुलगी खांद्यावर. "लांब आहे का अजून?" त्याने विचारलं.

"आलंच आता," ऑड्री म्हणाली, आणि चार पावलं गेल्यावर जीभ चावली.

हॉर्न बेला खरं तेच बोलायचं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. वाऱ्याआड धरायचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड क्लिफने चार काठ्यांवर ठोकलं, आणि ते काठ्यांसकट किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला गेलं. सँडविचमध्ये वाळू, चहात वाळू. एडनाची टोपी एका लॅब्रडोरने आणून दिली, पण तिला आता टोपी म्हणणं कठीण होतं. शेवटी तिघं चहाच्या दुकानात शिरले. मनुकांचा पाव आला. क्लिफने सुरी लावली तर पाव बशीवरून घसरला आणि टेबलावर ठक्कन वाजला.

दुकानाची मालकीण, गालावर खळ्या असलेली बाई, टेबलाशी आली. "सगळं ठीक ना?"

ऑड्रीने खोल श्वास घेतला. फाइल डोळ्यांसमोर आणली. फिलिपाचं 'खरं लिहा' आठवलं. तोंड उघडलं.

"फारच छान," ती म्हणाली. "धन्यवाद."

"सुरेख," क्लिफ म्हणाला.

एडनाकडे दोघांनी आशेने पाहिलं. स्पष्टवक्त्या एडनाने रुमालाने ओठ टिपले. "घरच्यासारखा पाव आहे हो," ती म्हणाली.

गाडीची दारं लागली.

"माझ्या घरी असा पाव झाला तर मी त्याने दार अडकवते!" एडना म्हणाली. "आणि चहा! भांडी विसळलेलं पाणी बरं!" क्लिफला दातांची काळजी वाटत होती. मागच्या सीटवरून ऑड्री म्हणाली, "एडना, परत सांगा. सावकाश सांगा." आणि तिने पर्समधून पेन्सिल काढली.

नवी पानं तशीच तयार झाली. आधी तिने सवयीने लिहिलं, 'वारा तरतरी आणणारा.' ते खोडलं. 'वारा टोपी नेतो. टोपी घालू नका, कापड ठोकू नका, समुद्र पाठीशी घेऊन बसा.' 'मनुकांचा पाव कडक असतो, स्कोन चांगले आहेत, बाई प्रेमळ आहे.' ते लोण्याबरोबर खायचे छोटे, मऊ स्कोन खाऊन बघायला ती मुद्दाम परत गेली होती. 'संग्रहालय बुधवारी बंद. उघडं असतं तेव्हाही दोर आवडत असतील तरच जावं.' 'रेव्हन नेस, जायला सव्वा तास. समोरून येणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.' सहा ठिकाणं पाहून झाली. उरलेल्या पाच पानांवर तिने एकच ओळ लिहिली: 'इथे मी अजून गेलेले नाही.' ती ओळ लिहायला तिला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ लागला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी चारला फिलिपा आली. नवरा, दोन मुलं, आणि काखेत तो पारदर्शक स्टँड. मुलं वर पळाली. फिलिपाने कोटही न काढता फाइल उघडली. ऑड्री किटलीकडे पाठ करून उभी राहिली.

"'पावाने दार अडकवता येतं'?"

"ते एडनाचं मत आहे. खाली नाव दिलंय."

"ऑड्री, असं लिहून चालत नाही. लोकांना वाईट वाटेल."

"कोणाला? पावाला?"

"आणि हे काय, 'गेलेले नाही'? पाच पानांवर?"

"खरं लिहा म्हणालीस."

फिलिपाने फाइल मिटली. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, ती आईवर गेली आहे. "दोन्ही इथेच राहू देत या आठवड्यात," ती म्हणाली. "शनिवारी बघू." तिने स्टँड खिडकीत ठेवला. फाइल सरकून भिंतीला लागली.

तो आठवडा ऑड्री कॉटेजच्या गल्लीतून गेली नाही. दुकानात जायला चर्चकडून वळसा घालू लागली. क्लिफने विचारलं तर म्हणाली, पायांना चाल हवी. क्लिफ म्हणाला, आलंच आता.

शनिवारी दहा वाजून पाच मिनिटांनी तिने दार उघडलं. घर रिकामं. चादरी नंतर, असं तिने आयुष्यात पहिल्यांदा ठरवलं आणि सरळ न्हाणीघरात गेली. टबाच्या तळाशी करडी, जाड वाळू. हॉर्न बे. दाराशी लाल चिखल, त्यात चौघांच्या बुटांचे ठसे, दोघांचे मोठे, दोघांचे लहान. स्वयंपाकघरात माहितीपत्रकांचा स्टँड होता तसाच, गठ्ठ्यांवरचे रबरबँडही न काढलेले. शेजारी निळी फाइल फुगून दुप्पट झालेली, पानं ओली होऊन वाळलेली, एका कोपऱ्यावर चहाचं वर्तुळ. कोणीतरी ती बाहेर नेली होती.

अभिप्रायवहीत फिलिपाने लिहिलं होतं, 'सुंदर आठवडा, नेहमीप्रमाणे.' ऑड्रीने ते वाचून वही बाजूला ठेवली. तिने फाइल उघडली. रेव्हन नेसच्या पानावर, तिच्या 'सव्वा तास'खाली, निळ्या शाईत लिहिलं होतं: 'मुलं बरोबर असतील तर दोन तास. पैकी अर्धा तास रडणं. फिलिपा.' हॉर्न बेच्या पानावर: 'स्कोनबद्दल ऑड्रीचं बरोबर आहे. आई आम्हाला दर वर्षी इथे आणायची आणि दर वर्षी तरतरी आली म्हणायची. परत जाताना गाडीत ती जे बोलायची ते इथे लिहिता येत नाही.' आणि शेवटच्या कोऱ्या पानावर एक ओळ: 'उरलेली पाच ईस्टरच्या आत. क्लिफना सांगा.'

ऑड्रीने स्टँडमधली पत्रकं काढून कपाटात ठेवली. स्टँड दारामागे ठेवला, ओल्या छत्र्यांसाठी. माप अगदी बरोबर होतं. मग चादरींना लागली, अर्धा तास उशिराने.

चारला हंगामातले शेवटचे पाहुणे आले. आई, बाप, आजी, आणि मागच्या सीटवर पेंगणारी दोन मुलं. बापाने काच खाली करून विचारलं, "ते सील बघायचं ठिकाण जवळच आहे ना हो?"

ऑड्रीच्या जिभेवर शब्द तयारच होते. त्या माणसाचा चेहरा इतका आशेचा होता, आणि गाडीची काच खाली होती.

"नाही," ती म्हणाली. "सव्वा तास. चढ आहे. पोरं रडतील."

बापाने बायकोकडे पाहिलं.

"आणि पोहोचलात की नुसते दगड दिसतील," ऑड्री म्हणाली. "परत फिरू नका. त्यांतला एक जांभई देईपर्यंत थांबा."